आवाज उतरला तेव्हा

एक मेच्या पताका वाडीच्या तोंडाशी अजून लटकत होत्या. नवं राज्य मिळून महिना होत आला, तरी त्या उतरवायला कोणाला सवड झाली नव्हती. आता श्यामकांत म्हणत होता, उतरवायच्या कशाला, सत्काराला आयत्याच आहेत.

"मोहन, युनिफॉर्म घालून ये हं, टोपीसकट," तो चौकातून वर बघत ओरडला. "साध्या शर्टात आलास तर लोकांना वाटेल, बँकेतला कारकून धरून आणलाय."

"बघू संध्याकाळी," गॅलरीतून कॅप्टन मनमोहन धराधर म्हणाला.

"बघू काय? गिरगावचा पोरगा जेट चालवतो, वादळातून सगळ्यांना सुखरूप खाली आणतो, आणि म्हणे बघू!"

श्यामकांत हा त्याचा चुलतभाऊ आणि वाडीच्या उत्सवाचा सेक्रेटरी. सकाळपासून तो वर्तमानपत्राचं एकच पान सगळ्या बिऱ्हाडांत फिरवत होता. 'मराठी वैमानिकाचे प्रसंगावधान' असा मथळा होता आणि खाली मनमोहनचा जुना, बारीक मिशीचा फोटो.

सगळ्यांना नाही, मनमोहनच्या मनात आलं. पण ते तोंडातून निघालं नाही. लीलाने, त्याच्या बायकोने, कागदाच्या पिशवीत मोसंबी भरून ठेवली होती. ती पिशवी घेऊन तो परळच्या ट्रामकडे निघाला.

झालं होतं ते असं. परवा दुपारी युरोपातून आलेलं बोइंग सांताक्रूझला उतरवायचं होतं. वारा समुद्राकडून वाहत होता, त्यामुळे नेहमीप्रमाणे विमान आधी पूर्वेला कल्याणच्या बाजूला नेऊन वळवायचं आणि घाटकोपरच्या टेकड्यांवरून धावपट्टीकडे आणायचं. डोंगरावर काळा ढग चढला होता. मेच्या अखेरीला दुपारी तो चढतोच. मनमोहनने पट्टे बांधायचा दिवा वेळेवर लावला आणि प्रवाशांबरोबर विमानातल्या कर्मचाऱ्यांनाही बसायला सांगितलं. इथपर्यंत त्याच्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती.

टेकड्यांच्या अलीकडे विमानाला पहिला धक्का बसला. मग खालून कोणीतरी खांदा देऊन उचलावं तसं ते वर फेकलं गेलं आणि वेगाचा काटा भराभर चढला.

जेट हातात येऊन त्याला थोडेच महिने झाले होते. अमेरिकेत शिकवणाऱ्या म्हाताऱ्या वैमानिकाने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. वादळी हवेत काट्याच्या मागे धावू नकोस. इंजिनांचा जोर बेताचा ठेव, नाक क्षितिजाशी धरून ठेव आणि हात आवर. काटा चढेल, उतरेल, त्याला चढू-उतरू दे. पंख्याच्या विमानात इंजिनाचा लिव्हर पुढे ढकलला की पंखा तत्क्षणी हवा ओढतो. जेटचं इंजिन एकदा मंदावलं की पुन्हा जोर धरायला वेळ घेतं, आणि जमीन जवळ आल्यावर तो वेळ तुझ्याजवळ नसतो.

हे सगळं मनमोहनला पाठ होतं. पण डोक्याला पाठ असणं वेगळं आणि हाताला पाठ असणं वेगळं. त्याचा हात पंख्याच्या विमानांवर वाढलेला होता. तिथे धक्के सुरू झाले की इंजिनं उतरवायची, वेग कमी करायचा, म्हणजे धक्के मऊ होतात. काटा चढलेला दिसला आणि उजव्या हाताने, कोणाला न विचारता, चारही लिव्हर पार मागे ओढले.

इंजिनांचा आवाज उतरला, आणि लगेच विमानाखालची हवा गेली.

त्याने लिव्हर पुढे ढकलले. इंजिनं ऐकेनात. ती हळूहळू, कुरकुरत जोर धरू लागली, तोवर विमान दगडासारखं खाली जात होतं आणि समोरच्या काचेत टेकडीवरची झुडपं वेगवेगळी दिसू लागली होती. मागे भांडी पडल्याचा आवाज झाला. त्यातच आणखी एक आवाज होता. तो भांड्यांचा नव्हता.

शेवटी इंजिनांनी जोर धरला. विमान सावरलं आणि धावपट्टीवर टेकलं, तेही अगदी अलगद. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. पायऱ्यांवर एका म्हाताऱ्या पारशी बाईने त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "डिकरा, तें अमने बचाव्या." तिच्या मागून चौघांनी स्ट्रेचरवर स्ट्युअर्डला उतरवलं. रामजीला. तो छतावर आपटून खुर्चीच्या दांड्यावर पाठीवर पडला होता.

फ्लाइट इंजिनिअर डिकॉस्टा मनमोहनच्या मागेच बसलेला असे. गाडीत बसताना तो खालच्या आवाजात म्हणाला, "कॅप्टन, मी इंजिनांचे काटे बघत होतो. हाताकडे माझं लक्ष नव्हतं."

म्हणजे त्याचं लक्ष होतं. कॉकपिटमधल्या माणसाने कॉकपिटमधल्या माणसाबद्दल बाहेर बोलायचं नाही, हा त्यांच्यातला न लिहिलेला नियम. डिकॉस्टाने तो पाळला, आणि मनमोहनने मान डोलावून त्याचे आभार मानले. त्या मान डोलावण्याची लाज त्याला दोन दिवस सोडत नव्हती.

हॉस्पिटलचा वॉर्ड लांबलचक होता. रामजीच्या गादीखाली फळी घातली होती आणि दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या होत्या. त्याला मानही वळवायची परवानगी नव्हती. तो छताकडे बघत होता.

"साहेब आलेत," त्याची बायको शैला म्हणाली आणि तिने स्टूल पदराने पुसून पुढे सरकवलं.

"या कॅप्टनसाहेब," रामजी छताला म्हणाला. "पेपरात फोटो बघितला. हिनं तोंडावर धरला होता. मिशी कधीची आहे हो ती?"

"लग्नाच्या आधीची."

"तरीच. आज वाडीत सत्कार ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"आमच्या नायगावात सगळं कळतं, साहेब. बोंबलाच्या भावापासून बोइंगपर्यंत." तो हसायला गेला आणि कळ येऊन थांबला.

"पाय कसे आहेत?"

"आज सकाळी डाव्या पायाचा अंगठा हलला," शैला घाईने म्हणाली. "हलला की नाही हो? मी बघितला."

"ही बघते. मला काही कळत नाही," रामजी म्हणाला. "कमरेखाली कोणा दुसऱ्याचे पाय ठेवल्यासारखं वाटतं."

मनमोहन मोसंबी सोलू लागला. हाताला काहीतरी काम हवं होतं.

रामजीची आणि त्याची ओळख जुनी. रामजी आधी विमानात खाण्याचे डबे चढवायचा. रात्रशाळेत शिकून मॅट्रिक झाला, मग स्ट्युअर्ड. पंख्याच्या विमानांवर दोघांनी वर्षानुवर्षं एकत्र उड्डाणं केली होती. छप्पन सालच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली, तेव्हा कंपनीची गाडी गिरगावातून मनमोहनला आणि पुढे नायगावातून रामजीला घेऊन सांताक्रूझला जायची. एके सकाळी गाडीवर दगड आले. रामजीने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून आरोळी ठोकली, "आपलाच माणूस हाय रे! मराठी हाय!" आणि गर्दी बाजूला झाली. मग आत वळून तो गंभीरपणे म्हणाला होता, "साहेब, नाव विचारलंच तर मनमोहन सांगू नका. गुजराती समजतील. आजच्या दिवस गणपत व्हा." पुढे कितीतरी दिवस तो कॉकपिटमध्ये चहा आणून द्यायचा तो 'घ्या गणपतराव' म्हणूनच.

"साहेब, एक बोलू?" रामजी म्हणाला. "चूक माझीच आहे. मी पट्टा सोडला."

मनमोहनची बोटं थांबली.

"मधल्या रांगेत एका बाईला ओकाऱ्या होत होत्या. तिचं पोर मांडीवरून खाली घसरलं. मला उठायचं होतं, पण मी स्वतःला म्हटलं, थांब, साहेब इंजिनं उतरवतील. तुम्ही नेहमीच उतरवायचा की. आवाज उतरला की मी मनात म्हणायचो, झालं, आता मऊ होणार, आणि उठायचो. इतक्या वर्षांत एकदाही फसलो नाही. परवाही तसाच आवाज उतरला, म्हणून मी पट्टा सोडला."

शैला खाली बघून पदराचं टोक पिळत होती.

"ऑपरेशन्सचे मोठे साहेब काल इथे आले होते," रामजी पुढे म्हणाला. "त्यांना हेच सांगितलं. ते म्हणाले, छे, जेटमध्ये कोणी असं इंजिन उतरवतच नाही, जोर तसाच धरून ठेवतात. तुझे कान वाजले असतील. तू हुकूम मोडून उठलास, असंच धरावं लागेल. उद्या चौकशी आहे. बरा झालास तरी उड्डाणावर घेणार नाही म्हणाले." थोडं थांबून तो म्हणाला, "बरोबरच आहे म्हणा. ज्याच्या कानाला आवाजसुद्धा कळत नसेल, त्यानं वर जाऊच नये."

मनमोहनच्या तोंडात शब्द आला होता. त्याने मोसंब्याची फोड पुढे केली. शैलाने ती घेऊन नवऱ्याला भरवली.

"गोड आहे," रामजी म्हणाला.

संध्याकाळी चौकात सतरंज्या अंथरल्या होत्या. मनमोहन साध्या शर्टातच आला, म्हणून श्यामकांतने त्याच्या डोक्यावर घरून आणलेली टोपी चढवली. लीलाने पाहुण्यांसाठी कोबी-कोलंबीचं भानोलं केलं होतं आणि त्याचा वास वरपासून खालपर्यंत दरवळत होता. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मोर्च्यांत गेलेले, एकदा लाठी खाल्लेले शेजारचे भाऊसाहेब अध्यक्ष होते. ते म्हणाले, लोक विचारत होते, राज्य मिळवून मराठी माणूस करणार काय? हे बघा, हे करणार! टाळ्या थांबेनात.

पहिल्या रांगेत अप्पा बसले होते, मनमोहनचे वडील. मैदानांवर तीस वर्षं क्रिकेटचे पंच म्हणून उभे राहिलेले. हात काठीच्या मुठीवर, चेहऱ्यावर काही नाही.

"बोल रे, कसा लढलास वादळाशी, ते सांग," श्यामकांतने त्याला उभं केलं.

मनमोहन उभा राहिला. समोर त्याला लहानपणापासून ओळखणारी माणसं होती.

"मी लढलो नाही," तो म्हणाला. "वादळ होतं, पण ते मोठं नव्हतं. मोठी होती ती माझी चूक. मी जिथे हात लावायचा नव्हता तिथे लावला. विमान वाचलं ते नशिबाने. आणि सगळे सुखरूप आलेले नाहीत. आमचा एक माणूस परळला पडलाय, त्याचे पाय हलत नाहीत. तो माझ्यामुळे पडलाय."

मग भाऊसाहेबांचा आवाज भरून आला. "याला म्हणतात मोठेपणा! सगळं करून सवरून स्वतःकडे कमीपणा घ्यायचा, हाताखालच्या माणसासाठी जीव तोडायचा! हा विनय शिकण्यासारखा आहे, पोरांनो." आणि मघापेक्षा जोरात टाळ्या पडल्या. कोणीतरी गळ्यात दुसरा हार घातला. मनमोहनने आणखी बोलायला तोंड उघडलं, पण भानोल्याच्या थाळ्या फिरू लागल्या होत्या.

सगळे गेल्यावर अप्पा गॅलरीत त्याच्या शेजारी येऊन बसले.

"कड लागली होती?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"चेंडू बॅटीला चाटून गेला की मैदानात एकाच माणसाला नक्की कळतं. पंचाला शंका असते, यष्टिरक्षक उगाच ओरडतो. बॅट ज्याच्या हातात, त्याला मात्र कळतं."

"लागली होती, अप्पा."

"मग प्रेक्षकांना काय सांगत बसलास? प्रेक्षक टाळ्याच वाजवणार. ते त्यासाठीच आलेले असतात." अप्पांनी काठी टेकून उठायला सुरुवात केली. "कड लागली की चालू लागायचं असतं, मोहन. भाषण करायचं नसतं."

"चालू लागलो तर परत खेळायला मिळणार नाही कदाचित."

"नसेल मिळत," अप्पा म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी चौकशीला जायच्या आधी तो परळला गेला. पिशवी घेतली नव्हती. शैलाने स्टूल पुढे केलं, पण तो उभाच राहिला.

"रामजी, आवाज उतरला होता," तो म्हणाला. "तुझे कान वाजले नाहीत. मी इंजिनं उतरवली, पंख्याच्या विमानात उतरवायचो तशीच. जेटमध्ये तसं करायचं नसतं, हे मला माहीत होतं. पण हाताने केलं, आणि म्हणून विमान पडलं."

रामजी छताकडेच बघत होता.

"म्हणजे मी ऐकलं ते खरं?"

"खरं."

"आणि काल तुम्ही मोसंबी सोलत बसलात."

मनमोहनने रिकाम्या स्टुलाकडे बघितलं.

"मी पडल्यापासून स्वतःला शिव्या देतोय, साहेब. रात्रभर तो आवाज कानात आणून बघतोय. उतरला होता की नव्हता? शैलाला म्हणतो, माझं डोकं फिरलं असेल. ती रडते. आणि तुम्हाला माहीत होतं. इथे, या स्टुलावर बसून माहीत होतं."

"हो."

"अहो, थोडं हळू," शैला म्हणाली. बाजूच्या खाटेवरचा म्हातारा मान वळवून बघू लागला होता.

"हळू काय? मला ओरडायला तरी येतंय ना अजून?" रामजीचा श्वास वर चढला. मग तो एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "हे मला का सांगताय? इथे मी पडलेला, कुठे उठून जाणार? मला सांगितलं की तुमचं हलकं होणार. मी म्हणणार, जाऊ दे साहेब, तुम्ही तरी मुद्दाम केलंत का. मी म्हणणार नाही तसं. जिथे सांगायचं तिथे सांगा. मग बघू."

"तिकडेच चाललोय."

"मग जा."

चौकशीच्या खोलीत पंखा फिरत होता आणि तिघे साहेब टेबलामागे बसले होते. मधल्याने हसून खुर्ची दाखवली. "या, धराधर. हवा किती खराब होती, तेवढं तुमच्या शब्दांत सांगा. बाकी स्ट्युअर्डचं आम्ही बघतो."

मनमोहन बसला. "हवेचं नंतर सांगतो," तो म्हणाला. "आधी माझ्या उजव्या हाताचं सांगतो."

साहेबांचं हसू जिथे होतं तिथेच राहिलं. त्याने सगळं सांगितलं. काटा चढला तो क्षण, लिव्हर, इंजिनांचं न ऐकणं, झुडपं. डिकॉस्टाचं नाव त्याने घेतलं नाही. एकाने मध्येच विचारलं, "तुमच्याखेरीज हे कोणी पाहिलंय का?" तो म्हणाला, "पाहिलं नाही, ऐकलंय. रामजीने ऐकलंय. त्याने त्या आवाजावर विश्वास ठेवला, कारण त्या आवाजावर विश्वास ठेवायला त्याला मीच शिकवलं होतं." यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

दिवस कलताना तो परत परळला आला. वॉर्डात दिवे अजून लागले नव्हते. शैला खाटेच्या पायथ्याशी बसली होती. या वेळी तिने स्टूल पुसलं नाही, नुसतं पायाने त्याच्याकडे ढकललं. तो बसला.

"सांगितलं?" रामजीने विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"जेट काढून घेतलं. पुन्हा पंख्याच्या विमानावर, तेही दुसऱ्याच्या शेजारी. पुढचं पुढे ठरवतील."

"आणि मी?"

"तुझ्यावर काही ठेवलं नाही. आवाज उतरला होता, हे त्यांनी मान्य केलं."

रामजीने डोळे मिटले. मनमोहन वाट बघत राहिला. पण ज्या शब्दाची तो वाट बघत होता तो आला नाही, आणि आपण त्याची वाट बघतोय याचीच त्याला शरम वाटली.

"शैला, पाणी घेऊन ये गं ताजं," रामजी म्हणाला. ती तांब्या घेऊन वॉर्डाबाहेर गेली. पावलं लांब जाईपर्यंत तो थांबला.

"साहेब, चादर वर करा. पायावरची."

मनमोहनने चादर गुडघ्यापर्यंत वर केली. पाय स्वच्छ पुसलेले होते, टाचांखाली कापसाच्या गाद्या होत्या.

"डावा अंगठा बघा. मी आता हलवतो." रामजीच्या कपाळावर शिरा उठल्या, दात दातावर बसले. "शैला म्हणते हलतो. मला बरं वाटावं म्हणून म्हणते, मला कळतं. तुम्ही सांगा. हलतोय?"

मनमोहन वाकून बघत राहिला. अंगठ्याच्या नखावर खिडकीतला उरलासुरला उजेड पडला होता. कुठेतरी नखाएवढी तरी हालचाल दिसावी म्हणून त्याने डोळ्यांना पाणी येईपर्यंत पापणी लववली नाही.

"नाही," तो म्हणाला.

रामजीने अडवून धरलेला श्वास सोडला. कपाळावरच्या शिरा खाली बसल्या.

"बरं," तो म्हणाला. "चादर नीट घाला. ती यायच्या आत." आणि चादर घालून होईतो थांबून, छताकडे बघतच म्हणाला, "उद्या परत येऊन बघा."